पाणी पास झालं साहेब, मातीचं काय?

प्रति,
आमच्या नाल्याच्या पाण्यावर 'मानकात' असा शेरा मारणारे प्रदूषण नियंत्रण मंडळातले साहेब,
आणि आमच्या मातीचे नमुने पिशवीत भरून नेणारे कृषी खात्यातले साहेब, दोघांनाही.

विषय : कारखान्याचं शुद्ध केलेलं पाणी काळ्या मातीत मुरल्यावर पुढे काय होतं, याबाबत.

महोदय,

फेब्रुवारीत तुमच्यापैकी पहिले साहेब आमच्या गावात येऊन गेले. पाइपाच्या तोंडाशी दोन कॅन भरले, एका बाटलीत ॲसिडचे थेंब टाकले, झाकण लावून चिकटपट्टी गुंडाळली. मग धुऱ्यावर उभं राहून गव्हाचा फोटो काढला आणि माझ्या सासऱ्यांना म्हणालात, "गहू तर झकास आहे, काका." सासरे म्हणाले, "हो साहेब, यंदा बरा हाय." खरंच बरा होता. मी तिथेच होते, रविवार होता म्हणून.

महिनाभरात अहवाल ग्रामपंचायतीत आला. सरपंचांनी तो वाचून दाखवला. सामू मानकात, बीओडी मानकात, सीओडी मानकात, टीडीएस मानकात, एसएआर मानकात. म्हणजे आम्लता, घाण, विरघळलेले क्षार, सोडियम, सगळं मर्यादेत. मी विचारलं, "आणि मातीचं काय?" तुमच्या माणसानं उत्तर दिलं की माती त्यांच्या अखत्यारीत येत नाही, कृषी खात्याला विचारा. दुसऱ्या दिवशी कृषी खात्यात फोन केला, तर तिकडून, "मॅडम, पाण्याचं आम्हाला काही सांगू नका." म्हणून एकाच पत्रावर दोघांची नावं घातली आहेत. नावं म्हणजे पदं. माणसाशी माझं भांडण नाही.

मी तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. घरची शेती आठ एकर. त्यातलं पाच एकर वरचं वावर विहिरीवर ओलीत होतं, आणि तीन एकर नाल्याकडचं वावर गेली चार वर्षं कारखान्याच्या पाण्यावर. माती एकच, काळी भारी, बोट-बोट भेगा पडणारी. पेरणारा हात एकच. बी एकाच दुकानातलं. पाणी तेवढं वेगळं. रसायनशास्त्राच्या शिक्षिकेला यापेक्षा चांगला प्रयोग कुणी आयता मांडून दिला नसता. फक्त तो माझ्या घरच्या वावरात मांडला गेला, एवढीच तक्रार.

कारखाना कापड रंगवण्याचा आहे. त्याचं नाव लिहीत नाही, कारण हे पत्र एका कारखान्याबद्दल नाही आणि त्यांची ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा, बंद असते असाही माझा आरोप नाही. ईटीपी चालू असते, मी मुलांना घेऊन पाहून आले आहे. हौदात पाणी एकत्र होतं, ॲसिड टाकून त्याचा आम्लारी गुण मारतात, तुरटी आणि चुन्यानं गाळ बसवतात, मोठ्या टाकीत हवा फुगवून जिवाणूंकडून घाण खाऊन घेतात. शेवटी जे पाणी बाहेर पडतं त्याला रंग जवळजवळ नाही, वास नाही. मुलं म्हणाली, मॅडम, हे तर आपल्या नळापेक्षा स्वच्छ दिसते.

दिसते खरं. पण सुती कापडावर रंग पक्का बसवायचा तर रंगाच्या द्रावणात मीठ नाहीतर सोडियम सल्फेट ओतावं लागतं, लिटरला तीस-चाळीस ग्रॅमपासून ऐंशीपर्यंत. त्यावर सोडा. त्याआधी कापड कॉस्टिकमध्ये उकळलेलं असतं. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे, सोडियम. जिवाणू साखर खातील, पिष्ट खातील, रंगाचा काही भाग खातील. मीठ खाणारा जिवाणू अजून कुणी पाळलेला नाही. उलट कॉस्टिकचा जोर मारायला जे ॲसिड टाकतात त्यातून आणखी मीठच तयार होतं. विरघळलेले क्षार काढायचे तर आरओ लागतो, आणि आरओतून जे जहाल खारं पाणी उरतं ते आटवायला बाष्पीभवनाचं यंत्र. ते महाग पडतं. शेतकऱ्याला पाणी देणं स्वस्त पडतं, आणि वर्तमानपत्रात फोटोही येतो.

कापूस आमचाच. तो जिनिंगमध्ये जातो, सूत होतो, कापड होतो, आणि मिठाच्या रूपानं पाइपातून परत वावरात येतो. माझे दीर हे सांगून हसतात. मला अजून हसू येत नाही.

आता तुमच्या अहवालातला टीडीएसचा, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा घ्या. मर्यादा लिटरला २१०० मिलिग्रॅम. नमुना त्याच्या खाली आला, म्हणून पास. पण वावरात लिटरनं पाणी देत नाहीत. एक एकर गव्हाला एक पाणी म्हणजे साधारण सहा सेंटिमीटर, म्हणजे दोन लाख चाळीस हजार लिटरच्या वर. मर्यादेवरचं पाणी असेल तर त्यात पाचशे किलो क्षार आले. खताच्या पन्नास किलोच्या दहा गोण्या. गव्हाला पाच पाणी दिलं तर पन्नास गोण्या, अडीच टन, एका एकरात, एका रब्बीत. पाणी उडून जातं, गोण्या राहतात. सगळंच त्यात सोडियमचं मीठ नसतं आणि पावसाळ्यात काही भाग खाली धुपतो, हे मान्य. हलकी मुरमाड जमीन असती तर बराच धुपला असता. आमची जमीन काळी आहे, पन्नास-साठ टक्क्यांच्या वर चिकण. ती काही सोडत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची ओलिताच्या पाण्याची मार्गदर्शिका १९८५ पासून जगभर वापरली जाते. तिच्यात लिटरला २००० मिलिग्रॅमच्या पुढचं पाणी 'कडक निर्बंध' या रकान्यात आहे. म्हणजे तुमच्याकडे जे काठावर पास होतं, ते तिकडे शेवटच्या वर्गात बसतं. शिवाय कोणत्या मातीला किती खारं पाणी चालेल हे मातीतल्या चिकणाच्या प्रमाणावर ठरतं, हे आपल्या देशातले शास्त्रज्ञही सांगत आलेत. वाळूला चालतं ते चिकणमातीला चालत नाही. तुमच्या अहवालात मात्र पाणी कुठल्या मातीत जाणार आहे यासाठी रकानाच नाही.

पण टीडीएस ही त्यातल्या त्यात कमी काळजीची गोष्ट. खरी गोष्ट त्याच्या खालच्या ओळीत होती, आणि ती वाचताना सरपंचांची जीभ जरा अडखळली. एसएआर. सोडियम शोषण गुणोत्तर. पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानानं सोडियम किती जड आहे, ते सांगणारा आकडा. कापड उद्योगासाठी २०१६ मध्ये जी केंद्राची मानकं आली त्यांत त्याची मर्यादा २६ आहे. आमचं पाणी त्याच्या खाली, म्हणून पास.

माझी विनंती अशी की तुम्ही दोघांनी एकदा एकत्र बसून हे गणित करावं. बारावीचं पोरगं करेल. अमेरिकेच्या क्षार प्रयोगशाळेनं १९५४ मध्ये एक समीकरण छापलं, पाण्याचा एसएआर इतका असेल तर मुरलेल्या मातीत सोडियमचा वाटा किती टक्क्यांवर जाऊन थांबेल, ते काढायचं. एसएआर २६ घातला तर उत्तर येतं सुमारे २७ टक्के. मर्यादेच्या निम्मा, १३ घातला, तरी १५ टक्के. आणि १५ टक्के म्हणजे त्याच अमेरिकी व्याख्येप्रमाणे जमीन चोपण झाली, सोडियमनं तिचा निचरा गेला. मर्यादेच्या निम्म्यावर असलेलं, तुमच्याकडे सुखानं पास होणारं पाणी जमीन चोपण करू शकतं, हे मी म्हणत नाही, समीकरण म्हणतं. वर उन्हानं जमिनीतलं पाणी आटलं की उरलेल्या पाण्याचा एसएआर आणखी चढतो, ते वेगळंच.

आणि १५ हा आकडाही आमचा नाही. ऑस्ट्रेलियात ६ टक्क्यांपासूनच जमीन सोडियमग्रस्त धरतात. आपल्याकडे पूर्णा खोऱ्यातल्या, म्हणजे अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या काळ्या जमिनींवर काम झालं, त्यात नागपूरच्या मृद सर्वेक्षण ब्युरोचे शास्त्रज्ञ होते. त्यातून निघालं की ५ टक्क्यांच्या आसपासच निचरा बसायला लागतो. खारपाणपट्ट्यातल्या जमिनी निसर्गानंच तशा झाल्या. माझं माहेर तिकडचं आहे. भर पावसात आठ-आठ दिवस पाय न ठेवता येणारी, आणि उघडीप पडली की विळ्याला दाद न देणारी जमीन मी लहानपणापासून पाहिली आहे. लग्न होऊन इकडे आले तेव्हा इथली भुसभुशीत काळी पाहून बाबा म्हणाले होते, "पोरीचं नशीब काढलं." चार वर्षांत नाल्याकडच्या वावरात माहेर आलं, म्हणायला हरकत नाही.

आता पेल्यांबद्दल सांगते.

गेल्या जूनमध्ये मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा पन्हाळीखाली पातेलं ठेवून पाणी धरलं. पहिलं पाणी कौलांवरचा धुरळा घेऊन येतं, ते टाकून दिलं, नंतरचं घेतलं. पाऊस येण्याआधीच दोन्ही वावरांतली बोराएवढी ढेकळं आणून छतावर वाळवून ठेवली होती. चहाचे काचेचे तीन पेले घेतले. पहिल्यात पावसाचं पाणी आणि वरच्या वावरातलं ढेकूळ. दुसऱ्यात पावसाचंच पाणी, पण नाल्याकडच्या वावरातलं ढेकूळ. तिसऱ्यात नाल्याकडचंच ढेकूळ, पण पाणी पाइपाचं. ढेकूळ हळूच सोडायचं, हलवायचं नाही. मग गॅसवर भात ठेवला.

भात होईपर्यंत पहिल्या पेल्यातलं ढेकूळ फुटून त्याचा चुरा झाला होता. बुडाशी छोटी रास, वर पाणी नितळ. तिसऱ्या पेल्यातही तसंच, पाणी नितळ, ढेकूळ तर बरंचसं उभंच. दुसऱ्या पेल्यात ढेकळाभोवती दुधासारखं वलय धरलं होतं. जेवणं होईस्तोवर ते वलय वर चढलं आणि सगळा पेला बिनसाखरेच्या फिक्या चहासारखा झाला. सकाळी तसाच. चौथ्या दिवशी तसाच. सासऱ्यांनी पेला उजेडात धरून पाहिला आणि विचारलं, "सूनबाई, यात काय टाकलं व?" मी म्हटलं, पाऊस टाकला.

त्याचं कारण सोपं आहे. चिकणमातीचा कण म्हणजे पोथीची सुटी पानं समजा. कॅल्शियम हे तिचं बासन. तो पानं आवळून धरतो, म्हणून मातीचे दाणे होतात, दाण्यांमधून पाणी उतरतं, हवा खेळते, मूळ शिरतं. पाण्यात सोडियम वरचढ असला की तो कॅल्शियमला हुसकून त्याची जागा घेतो, आणि सोडियमला बांधणं जमत नाही. त्याची पकड सैल. तरीही जोवर वरून खारंच पाणी येतंय तोवर त्या मिठाच्या दाबानं पानं दबून राहतात, जमीन बरी दिसते. तिसरा पेला तो. मग येतो पाऊस. पावसाच्या पाण्यात मीठ नाही. दाब सुटतो, पानं फिसकटतात, कण पाण्यात तरंगून मातीची बारीक छिद्रं बुजवतात. दुसरा पेला तो.

साहेब, तुम्ही आलात फेब्रुवारीत. तिसऱ्या पेल्याच्या दिवसांत. फोटो त्याचाच आहे.

आर्द्रात आला असतात तर नाल्याकडच्या वावरात पिकाच्या तासा-तासात पाणी साचलेलं दिसलं असतं, आणि वरच्या वावरात त्याच दिवशी डवरा चालू. सोयाबीन टोबलं तर वरून पापडी धरली. कोंब खालून मान वाकवून ढकलत होते, मी बोटानं पापडी उचलून पाहिली, खाली पिवळे पडून कुजलेले. दुबार पेरणी केली. तूर पोळ्यापर्यंत उभी होती, मग पाणी साचलेल्या पट्ट्यात वाळत गेली. पऱ्हाटी टिकली. कापूस क्षाराला सोसतो, गहूही बऱ्यापैकी सोसतो, म्हणून तर गहू झकास दिसला. हरभरा, तूर, संत्रा यांना नाही सोसवत. शेजारच्या बगिच्यातली संत्र्याची पानं पिवळी पडून नुसत्या शिरा हिरव्या राहिल्या आहेत. सामू चढला की लोह आणि जस्त जमिनीत असून झाडाला मिळत नाही. दुकानदार त्यांना फवारणीची बाटली देतो. बाटलीवर बाटली चालली आहे.

बैलजोडी हाकणारा आमचा गडी पस्तीस वर्षं हेच काम करतो. त्यानं ना समीकरण पाहिलं ना पेला. तो म्हणाला, "बाई, या वावरात पास रुततच नाई. ओलं असलं त चोपडते, सुकलं त घसरते. मधातला दिवसच नाई रायला." पास म्हणजे वखराचं पातं. वखरणीला योग्य असा ओल-सुकीच्या मधला वाफसा आमच्या काळीत आधीच चार-सहा दिवसांचा. नाल्याकडे तो एक दिवसावर आला. जमिनीचं रसायन बिघडलं आहे हे इतक्या थोडक्यात मला वर्गात सांगता आलेलं नाही.

एका गोष्टीचा मात्र मला नीट उलगडा होत नव्हता. नाल्याकाठच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजेना, साबणाला फेस येईना, अशी बायकांची तक्रार दोन वर्षांपासून आहे. हे तर कॅल्शियम वाढल्याचं लक्षण, आणि कारखान्यातून येतो सोडियम. माझा अंदाज असा की सोडियमनं हुसकलेला कॅल्शियम भेगांवाटे खाली उतरून विहिरीत आला. पोथीचं बासन आमच्या वरणात. विहिरीचं पाणी तुम्ही तपासाल तर हा अंदाज खरा की खोटा ते कळेल.

आता दुसऱ्या साहेबांना, कृषी खात्यातल्या. तुमच्याकडून आम्हाला मृदा आरोग्य पत्रिका मिळाली आहे. २०१५ ची योजना, चांगली योजना, मी विद्यार्थ्यांना ती पत्रिका वाचायला शिकवते. तिच्यात बारा गोष्टी असतात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब. तेरावा सोडियम नाही. नाल्याकडच्या वावराच्या पत्रिकेत सेंद्रिय कर्ब वरच्या वावरापेक्षा थोडा जास्त निघाला, नत्रही बरं. निघणारच, सांडपाण्यातून दोन्ही थोडं थोडं येतं, आणि पहिली दोन वर्षं पीक जे जोरात आलं त्यात त्याचाही हात आहे. म्हणजे कागदावर नाल्याकडची जमीन वरच्या जमिनीपेक्षा निरोगी. पाण्याच्या कागदात सोडियम आहे पण मर्यादा काळ्या मातीच्या हिशेबाची नाही, आणि मातीच्या कागदात सोडियमच नाही. दोन्ही कागद खरे आहेत. आमची तीन एकर त्यांच्या मधल्या फटीत पडली.

जड धातूंबद्दल लोक मला सगळ्यात जास्त विचारतात, कारण क्रोमियम, शिसं ही नावं ऐकून भीती वाटते. ते तपासायलाच हवं, पण चुनखडीच्या काळ्या मातीत बरेचसे धातू वरच्या थरात घट्ट धरले जातात, पिकात लवकर जात नाहीत. ईटीपीचा गाळ कुणी खत म्हणून टाकत असेल तर गोष्ट वेगळी, तो कुणी घेऊ नका. भीती मिठाची वाटली पाहिजे. पण मीठ घरात असतं, त्याला कोण भिणार.

दुरुस्ती होत नाही असं नाही. जिप्सम टाकायचं, त्यातला कॅल्शियम सोडियमला बाहेर काढतो, मग चांगल्या पाण्यानं तो धुऊन चरातून बाहेर न्यायचा. हिशेब करून पाहिला. आमच्या मातीची सोडियम-कॅल्शियम धरून ठेवायची क्षमता लक्षात घेऊन सोडियमचा वाटा १५ वरून ५ वर आणायला, नुसत्या वरच्या पंधरा सेंटिमीटरसाठी, एकरी चार टनांच्या आसपास शुद्ध जिप्सम. तीन एकरांना बारा टन. मूळ तर त्याच्या कितीतरी खाली जातं. धुवायला चांगलं पाणी आणायचं कुठून, असतं तर पाइपाचं घेतलंच नसतं. धुतलेलं मीठ चरातून जाणार नाल्यात, नाल्याच्या खालच्या गावाला. आणि हे सगळं होईस्तोवर वरून पाइप चालूच. घराला गळती लागली असताना पोतेरं घेऊन बसण्यासारखं.

तमिळनाडूतल्या तिरुपूरची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, तुमच्या प्रशिक्षणात असणारच. कापड रंगवणारे शेकडो कारखाने, नोय्यल नदी, आणि तिच्यावर शेतीसाठी बांधलेलं ओरथुपालयम धरण. धरणात साठलं ते रंगशाळांचं खारं पाणी, आणि खालच्या शेतकऱ्यांनाच कोर्टात जावं लागलं. २००६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं सांगितलं की खारं पाणी बाहेर सोडायचंच नाही. पाळलं गेलं नाही म्हणून २०११ च्या जानेवारीत रंगशाळा बंद करायला लावल्या. त्यानंतर तिथे आरओ आणि बाष्पीभवन आलं, मिठाचं पाणी परत रंगाच्या हौदात वापरणंही आलं. म्हणजे जमतं. मीठ मुख्यतः रंगाच्या हौदातल्या पाण्यात असतं, नंतरच्या धुण्याच्या पाण्यात खूप कमी. ही दोन पाणी हौदापाशीच वेगळी ठेवली तरी अर्धं काम झालं. आमच्याकडे ती एका टाकीत मिसळतात आणि मग मानकात बसली म्हणून आनंद मानतात. आणि गंमत पाहा, नागपूर शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी, ज्यात मीठ कमी आणि खत जास्त, ते जातं कोराडीच्या वीज केंद्राला. कारखान्याचं मिठाचं पाणी येतं पिकाला. या उलट्या रचनेत कुणाचा तरी फायदा असणार, आमचा नाही.

आमचीही चूक लिहिते, नाहीतर पत्र लबाड होईल. पाणी आम्ही मागून घेतलं. मार्च-एप्रिलमध्ये विहीर तळाला गेली की समोर वाहतं पाणी दिसत असताना नको म्हणणारा शेतकरी मला दाखवा. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर 'सदर पाणी मी स्वखुशीने घेत आहे, नुकसान झाल्यास तक्रार राहणार नाही' असं लिहून दिलं, सासऱ्यांची सही आहे, साक्षीदार म्हणून खाली माझी. मी, रसायनशास्त्र शिकवणारी बाई. पाण्याला वास नव्हता, रंग नव्हता, मी चव घेऊन पाहिली नाही. ते पाणी बंद करा असंही मी आज म्हणत नाही. म्हटलं तर गावातली निम्मी घरं माझ्याशी बोलायची बंद होतील, आणि ती चुकीची नसतील.

मागते ते एवढंच. पाइप ज्या ज्या गट क्रमांकात जातो तिथली माती तपासा, नव्वद सेंटिमीटरपर्यंत, थराथरानं, आणि तिच्यात सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम मोजा. ज्या गावात हे पाणी अजून पोचलं नाही तिथे पोचण्याआधी मोजा. नाहीतर उद्या 'जमीन मुळातच तशी होती' म्हणायला कारखाना मोकळा. मृद सर्वेक्षण ब्युरोचं मुख्यालय नागपूरला आहे, कृषी विद्यापीठ अकोल्याला, पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था पुन्हा नागपूरलाच. देशातली एवढी जाणकार मंडळी एसटीच्या अंतरावर बसलेली असताना आमच्या मातीचा निकाल चहाच्या पेल्यात लावावा लागतो, हे बरं दिसत नाही. कारखान्याच्या संमतिपत्रात एसएआरची मर्यादा घालताना पाणी कुठल्या मातीत जाणार ते विचारा. केंद्राचा २६ हा वरचा टोक आहे, त्याखाली कडक अट घालायला तुम्हाला कुणी अडवलेलं नाही. आणि जिप्समचा खर्च कारखान्याच्या संमतीच्या अटींत बसवा, आमच्या पीककर्जात नको.

नमुना घ्यायला या, पण आर्द्रा लागल्यावर या. फोटोची घाई नको, गाडी वरच्या रस्त्यालाच ठेवा, नाल्याकडे ती रुतेल. बूट गुडघ्यापर्यंतचे आणा. गडी तुम्हाला दोन्ही वावरांतून वखर चालवून दाखवेल, त्याला मी सांगून ठेवलं आहे. दुसरा पेला धुतलेला नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत झाकण ठेवून आहे.

आपली,
नाल्याकाठच्या तीन एकरांची एक वाटेकरी